सप्टेंबरातला ढ

"आता डिसेंबरपासून उलटे म्हणा," डॉक्टर इमर कियो म्हणाल्या.

मॅलकी हॅनाफिनने डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत सगळे महिने न अडखळता म्हणून दाखवले आणि वर एक डोळाही मिचकावला. मग त्याने बोटाने नाकाचं टोक शिवलं, एका पायावर उभं राहून दाखवलं, आदल्या दिवशीची पहिली शर्यत कोणी जिंकली तेही पेपरात वाचलं होतं तसं सांगितलं. स्टँडच्या मागच्या त्या छोट्या खोलीला मलमाचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. बाहेर बुधवारच्या शर्यतींसाठी लोक जमू लागले होते.

मंगळवारी पहिल्याच शर्यतीत दुसऱ्या कुंपणावर मॅलकी पडला होता. त्यात विशेष काही नव्हतं. कुंपणांवरून घोडे उडवणाऱ्या जॉकीने पडण्याचं मनावर घ्यायचं म्हटलं तर त्याने टपाल वाटण्याची नोकरी बघावी. पण नियम असा की जो पडला त्याने लगेच डॉक्टरांपुढे उभं राहायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यायचं. मंगळवारी तो डॉक्टरांच्या सगळ्या तपासण्यांतून, कॉम्प्युटरवरच्यासुद्धा, हसत बाहेर पडला होता. त्यानंतर दोन तासांच्या आत टिअर्ननबाईंच्या तपकिरी घोडीवर बसून त्याने दिवसातली सगळ्यांत मोठी शर्यत जिंकली होती. पेपरात फोटो आला होता. सकाळपासून जो भेटेल तो पाठ थोपटत होता आणि मॅलकी मान हलवून आभार मानत होता.

वय सदतीस. या धंद्यात ते म्हातारपणच. पण गेल्याच आठवड्यात सगळ्या जॉकींची ताकद तपासायला मंडळी आली होती, तेव्हा त्याने पंचविशीतल्या पोरांना धूळ चारली होती. लाकडी घोड्यावर वाकून बसायचं आणि मांड्या पेटल्या तरी उठायचं नाही, या प्रकारात तर तो इतका वेळ टिकला की तपासणारा माणूसच कंटाळला. सकाळी उकडलेलं अंडं आणि बिनदुधाचा चहा, की संध्याकाळपर्यंत पोटात काही नाही. वजन वाढलंच तर कढत पाण्याच्या टबात बसून घाम काढायचा. वीस वर्षं त्याने शरीराला असं धाकात ठेवलं होतं आणि शरीरानेही कधी कुरकुर केली नव्हती.

"आता एवढं कॉम्प्युटरवरचं करून टाका, म्हणजे तुम्ही मोकळे," डॉक्टर म्हणाल्या.

या कॉम्प्युटरवरच्या परीक्षेची गंमत जॉकींच्या खोलीबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. मोसम सुरू होण्याआधी, सप्टेंबरात, प्रत्येकाने ही परीक्षा द्यायची. पडद्यावर खेळातले पत्ते येतात. मघाशी पाहिलेला पत्ता पुन्हा आला की बटण दाबायचं, आकार लक्षात ठेवायचे, शब्द लक्षात ठेवायचे. त्यात मिळतील ते गुण तुमचे नेहमीचे गुण. पुढे कधी डोक्यावर पडलात तर पुन्हा परीक्षा, आणि गुण सप्टेंबरपेक्षा फार घसरले असतील तर घरी बसायचं. तेव्हा शहाण्या जॉकीने काय करावं? सप्टेंबरात ढ व्हावं. पत्ता ओळखीचा दिसला तरी बटणाला हात लावू नये, जांभई द्यावी, सॉसेजचा विचार करावा. म्हणजे मग मोसमात डोकं गरगरत असलं तरी तेवढे गुण सहज पडतात. जुने जॉकी नव्यांना हे शिकवत. रोनन कुसॅक नवा असताना खोलीत मॅलकीच्या शेजारच्या खुंटीवर कपडे टांगायला आला तेव्हा त्याला हे मॅलकीनेच शिकवलं होतं. पडल्यानंतर कुणाचे गुण वाढले की खोलीत खसखस पिकायची, डोकं आपटलं की आमची अक्कल वाढते म्हणून.

आज मात्र मॅलकीला कसलाच धोका नको होता. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, या आठवड्यातली मुख्य शर्यत होती. त्यात तो टिअर्ननबाईंच्याच टिंकर्स लेन या घोड्यावर बसणार होता. हा घोडा चार वर्षांचा असताना कुंपण दिसलं की बावचळायचा. त्याला उडी मारायला मॅलकीने शिकवलं होतं, पावसात, चिखलात, रोज सकाळी. आता अख्खा देश त्या घोड्यावर पैसे लावत होता. असा घोडा मॅलकीला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता, आणि सदतिसाव्या वर्षी पुन्हा मिळण्याची आशा नव्हती. म्हणून तो खुर्चीत ताठ बसला, दात आवळले आणि जीव ओतून परीक्षा दिली. एकही पत्ता त्याने हलगर्जीपणे जाऊ दिला नाही.

डॉक्टरांनी गुण पाहिले. "छान. सप्टेंबरात होते तसेच आहेत. एखाददुसरा इकडेतिकडे. उद्या खुशाल बसा घोड्यावर."

"तसेच?" मॅलकीने विचारलं.

"अगदी तसेच. का हो?"

"काही नाही," मॅलकी म्हणाला.

तो बाहेर आला आणि बोळात भिंतीला टेकून उभा राहिला. आधी त्याला वाटलं, मशीनच चुकलं असेल. मग वाटलं, आपणच सप्टेंबरात नीट परीक्षा दिली असेल. पण ती जांभई, ते मुद्दाम सोडून दिलेले पत्ते त्याला लख्ख आठवत होते. बाहेर आल्यावर रोननला टाळी दिलेलीसुद्धा आठवत होती. त्या दिवशी त्याने जाणूनबुजून वेड्याचं सोंग घेतलं होतं, आणि आज सगळा जोर लावून तो बरोबर त्या सोंगाएवढाच भरला होता. वीस वर्षांत त्याने कॉलरबोन किती वेळा मोडून घेतलं, बरगड्या किती मोडल्या, तेव्हा तो कधी घाबरला नव्हता. आता बोळातल्या त्या भिंतीला टेकून तो लहान पोरासारखा घाबरला.

त्या दिवशी त्याच्या दोन शर्यती होत्या. त्याने त्या केल्या. पहिलीत तिसरा आला, दुसरीत चौथा. हात, पाठ, गुडघे आपापलं काम चोख करत होते. खाली उतरल्यावर एका मालकाने त्याला सांगितलं की तुझ्यासारखं शांत डोकं कुणाचं नाही. मॅलकीने त्याचेही आभार मानले.

जॉकींच्या खोलीच्या कोपऱ्यात पॅकी लूबी खोगीर पुसत बसला होता. खोगिरं, बूट, रंगीत सदरे यांची निगा राखणं हे पॅकीचं काम. खोलीतल्या अर्ध्या जॉकींना त्याने पहिल्या शर्यतीआधी ओकताना पाहिलं होतं आणि त्याबद्दल कुठे चकार शब्द काढला नव्हता. मॅलकीने शेजारी बसून त्याला खालच्या आवाजात परीक्षेचं सगळं सांगितलं. पॅकीचा हात खोगिरावरच थांबला.

"आणखी कुणाला बोललास?"

"तुलाच."

"मग मलाही बोलला नाहीस," पॅकी म्हणाला आणि पुन्हा पुसायला लागला. जरा वेळाने त्याने मान वर केली. त्याचा चेहरा उतरला होता. "काल जिंकून आलास ना, तेव्हा तू मला विचारलंस, आता कुठल्या शर्यतीला जायचंय. मी म्हटलं, बाबा, झाली, जिंकलास. तू हसलास. मला वाटलं, चेष्टा करतोयस."

मॅलकीला यातलं काहीच आठवत नव्हतं. त्याने पॅकीला तसं सांगितलं नाही.

घरी पोचला तेव्हा उजेड होता. ओर्ला पोस्टातून येऊन बटाटे उकडत होती. लग्नाला बारा वर्षं झाली, पण नवऱ्याची शर्यत तिने एकदाही चालू असताना पाहिली नव्हती. ती टीव्हीवर शर्यत साठवून ठेवायची आणि तो धडधाकट घरी आला की त्याला शेजारी बसवून मग बघायची. तोही मग ताटातला मासा चिवडत एकेका कुंपणाची हकिकत सांगायचा, इथे घोडी घसरली, इथे शेजारच्याने मला आईवरून शिवी दिली. ओर्ला खदखदा हसायची. मंगळवारी मॅलकी फार दमून आला होता आणि तसाच झोपला होता, म्हणून मंगळवारची शर्यत बघायची राहिली होती.

आज ओर्लाने ती लावली. पिवळी टोपी, हिरव्या बाह्या, खाली तपकिरी घोडी. ओर्ला बटाटा सोलत बघत होती. पहिली दोन कुंपणं झाली, तिसरं झालं. मॅलकी गप्प होता.

"बोल ना," ती म्हणाली. "की जिंकल्यामुळे भाव वाढला साहेबांचा?"

मॅलकी पडद्याकडे टक लावून बघत होता. शेवटून दुसऱ्या कुंपणापाशी पुढच्या दोन घोड्यांच्या मध्ये जेमतेम फट होती, आणि पिवळी टोपी सरळ त्या फटीत शिरली. घोडी उडाली, फटीतून पार झाली आणि सगळ्यांच्या पुढे निघाली. तो माणूस घोडीच्या मानेवर इतका हलका बसला होता की मॅलकी बघतच राहिला. असं देखणं बसणं त्याने फार थोड्या जॉकींचं पाहिलं होतं.

"हा वेडा आहे का?" तो म्हणाला. "मी कधी शिरलो नसतो तिथे."

ओर्लाने चित्र थांबवलं. "मॅल, तूच शिरलास."

"हो. दिसतंय."

"मग असं काय बोलतोस?"

"मला ही शर्यत आठवत नाही, ओर्ला."

"शेवटची उडी?"

"सगळीच. पडल्यावर अँब्युलन्समधल्या बाईने बूट धरलेला आठवतोय. त्यानंतर थेट आपल्या घराचं फाटक. मधे काही नाही. सकाळपासून लोक अभिनंदन करतायत, मी हो हो म्हणतोय. मला वाटलं, एवढ्या शर्यती झाल्या, एखादी नाही आठवत लगेच. पण मी आज आत शोधतोय आणि तिथे काहीच नाहीये."

ओर्लाने हातातला बटाटा खाली ठेवला. मग त्याने सप्टेंबरचं सांगितलं. बारा वर्षांत त्याने तिला ही गंमत कधी सांगितली नव्हती. ती आधी पांढरी पडली आणि मग लाल झाली.

"म्हणजे तू शुद्धीत नव्हतास, आणि त्यांनी तुला सोडलं? इतका वेग, बाजूला एवढे घोडे, आणि तुला सोडलं?"

"त्यांनी नाही सोडलं. मीच स्वतःला सोडलं. सप्टेंबरातच सोडलं होतं."

ती रडेल असं त्याला वाटलं होतं. पण ती उठून खिडकीपाशी गेली. मग तिने त्याला विचारलं की उद्या काय करणार. मॅलकी म्हणाला की हे फक्त पॅकीला माहीत आहे, पॅकी मेला तरी बोलणार नाही, आणि टिंकर्स लेनसारखा घोडा पुन्हा नाही.

"मी कुणाला फोन करणार नाही," ओर्ला म्हणाली. "तुझं तू ठरव. पण तू बसलास तर उद्याची मी साठवणार नाही, मॅल. तू घरी आल्यावरसुद्धा बघणार नाही. काल जो जिंकला तो माझा नवरा नव्हता. तो कोण होता मला माहीत नाही, आणि तुलाही नाही."

गुरुवारी सकाळी तो लवकर गेला. सगळे जॉकी जातात तसा मैदानाची फेरी मारायला गेला. जमीन कुठे मऊ आहे, कुठे पाय धरेल, बुटाची टाच रोवून पाहत पाहत तो शेवटून दुसऱ्या कुंपणापर्यंत आला. तिथे उभं राहून त्याने पुन्हा एकदा आठवून पाहिलं. इथल्या गवतावर परवा आपण एवढं मोठं काम केलं, त्याचा एखादा आवाज, एखादा धक्का तरी राहिला असेल. काहीच नव्हतं. त्याला वाटलं, आजही असंच जिंकलो तर? सगळं जग मला सांगेल की तू जिंकलास, आणि मी पुन्हा हो हो म्हणेन. आणि नाही जिंकलो, रोननच्या पुढ्यात आडवा घुसलो, तो आपटला, तर मला त्याचंही काही आठवणार नाही.

तो मैदान ओलांडून सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेला. उभ्याउभ्याच सांगितलं. इमर कियो सात वर्षं या जॉकींची डोकी तपासत होत्या. त्या ऐकत असताना त्यांचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत गेला. मंगळवारी त्यांनीच त्याला सही करून सोडलं होतं.

"किती जण करतात हे?" त्यांनी विचारलं.

"मी माझ्यापुरतं बोलायला आलोय, डॉक्टर."

"माझ्यासमोर बसून सगळे मला मूर्ख बनवत होते?"

"तुम्हाला नाही," मॅलकी म्हणाला. "आम्हाला वाटायचं, तुम्हाला बनवतोय."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग बऱ्याच मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "आज तुम्हाला बसता येणार नाही. हे तुम्हाला माहीत आहे. डब्लिनला मोठी तपासणी करावी लागेल. त्यापुढचं मी आज बोलत नाही."

त्यापुढचं काय, ते मॅलकीला न बोलताही समजलं. त्याने टोपी डोक्यावर घातली, उगाचच काढली आणि पुन्हा घातली.

टिअर्ननबाईंना त्याने तबेल्यापाशी गाठलं. बाई साठीच्या, नवऱ्यामागे तबेला एकटीने चालवणाऱ्या, तोंडाने फटकळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी त्याला गाढव म्हटलं, खुनी म्हटलं, माझ्या घोडीवर मी बेशुद्ध माणूस बसवला होता असं दोनदा म्हटलं. शेवटी त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्याला दिला आणि तो संपेपर्यंत त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. घोडा रोनन कुसॅकला द्यायचं ठरलं. तो ज्या घोड्यावर बसणार होता त्याचा पाय सकाळीच सुजल्याने तो मोकळा होता.

मॅलकी येण्याआधी बातमी जॉकींच्या खोलीत पोचली होती. तो आत शिरला तशी कुजबूज थांबली. एकजण बुटाची नाडी बांधता बांधता मान वर न करता म्हणाला की आता आम्हा सगळ्यांना पुन्हा त्या खुर्चीत बसवतील, उपकार झाले तुझे. कुणी हसलं नाही. पॅकीने मॅलकीच्या खुंटीवरचा सदरा काढला, रोननच्या अंगाला लावून पाहिला आणि कमरेला पिना टोचल्या. तेवढा वेळ त्याने मॅलकीकडे पाहायचं टाळलं.

घोडे फिरवण्याच्या रिंगणात मॅलकी कोट-टाय घालून आला. जॉकीच्या कपड्यांशिवाय तो तिथे पहिल्यांदाच उभा होता, आणि हातांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. टिंकर्स लेन कॅट्रिओनाबरोबर चालत होता. ही त्या घोड्याची देखभाल करणारी मुलगी. घोड्याने मॅलकीला ओळखून नाक फुरफुरवलं. रोनन हिरव्या बाह्या सारख्या करत आला. रोननची जीभ सगळ्या खोलीत बदनाम होती. पडलेल्याला तो कधी उठून बसू द्यायचा नाही, आधी टोमणा, मग हात. आज तो नुसता उभा राहिला.

मॅलकीने त्याला बाजूला घेतलं. "खंदकाच्या कुंपणाआधी त्याला हात लावू नकोस," तो म्हणाला. "अंतर त्याचं तो मोजतो. तू मोजायला गेलास की तो सगळं तुझ्यावर टाकून मोकळा होतो. शेवटच्या वळणावर डावीकडे झुकेल. झुकू दे."

रोननने मान हलवली. घंटा झाली. टिअर्ननबाईंनी त्याच्या पायाला हात देऊन त्याला वर बसवलं आणि खोगिराचा पट्टा तपासायला वाकल्या. लोकांचा गलका वाढला होता. मॅलकीने पुढे होऊन एका बाजूने लगाम धरला. दुसऱ्या बाजूला कॅट्रिओना होती.

"रोनन," तो म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. खंदकाच्या कुंपणाआधी त्याला हात लावू नकोस. अंतर त्याचं तो मोजतो. तू मोजायला गेलास की..."

कॅट्रिओनाने चमकून त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर घोड्याच्या कानांकडे वळवली. बाईंचा हात पट्ट्यावर थबकला. मॅलकी बोलता बोलता थांबला. हे आपण मघाशी बोललो होतो का? त्याने आठवून पाहिलं. घंटा आठवली. घंटेच्या आधी काही नव्हतं. तो वर रोननकडे पाहू लागला, आता तो काय बोलतो याची वाट बघत.

रोननने घोडा तसाच थांबवून ठेवला. मागचे घोडे खोळंबले, कुणीतरी ओरडलं, तरी त्याने तिकडे पाहिलं नाही. तो खोगिरावरून खाली वाकला, त्याचं हेल्मेट मॅलकीच्या टोपीला लागेपर्यंत.

"थांबलास का?" तो म्हणाला. "मोजायला गेलो की काय होतं?"

"की तो सगळं तुझ्यावर टाकतो," मॅलकी म्हणाला. "आणि शेवटच्या वळणावर..."

"हां, वळणावर?"

"डावीकडे झुकेल. झुकू दे."

"हात लावायचा नाही, आणि झुकला तर झुकू द्यायचं," रोनन म्हणाला. "बरं झालं सांगितलंस, मॅल. मला नसतं कळलं."

तो सरळ बसला. घोडा चालू लागला. मॅलकी फाटकापर्यंत बरोबर चालला आणि तिथे त्याने लगाम सोडला.